मोटारसायकलीच्या मानेवरचं ओझं

"हे दोन चाकं एका आईची न्हाईत!"

वेल्डिंगवाले चाचा ओरडले. ओरडले म्हणजे असे ओरडले की दुकानासमोरच्या लिंबावरचे कावळे उडाले आणि थेट उमरीच्या स्टेशनावर जाऊन बसले. चाचांच्या हातात सुतळी होती. ती त्यांनी आधी एका चाकाला गुंडाळली, मग दुसऱ्याला, आणि उरलेलं चार बोटांचं टोक माझ्या नाकासमोर नाचवलं.

"बघ. चार बोटं. ह्यानं एक गिरकी घेतली की ते चार बोटं मागं. तुझा गाडा सकाळी बिलोलीला निघंल आन् दुपारी गोल फिरून तुझ्याच दारात येऊन उभा राहील."

"चाचा, भंगारवाल्यानं शप्पथ घेतली. जुळी हायत म्हणला."

"कुणाची घेतली शप्पथ?"

"आईची."

"मग एका चाकाच्या आईची घेतली असंल. दुसऱ्याची आई वेगळी हाय."

मला असा राग आला की विचारू नका. त्या चाकांसाठी मी नांदेडच्या भंगार बाजारात उभा दिवस घातला होता. सायकलरिक्षाची चाकं पाहिली, हातगाड्याची पाहिली, मोपेडची पाहिली. कडबा कटरची तर इतकी पाहिली की रात्री जेवताना भाकरीला आरे दिसायला लागले. शेवटी मोडीत निघालेल्या दोन स्कूटरांची ही चाकं उचलली. त्या माणसानं ती जमिनीवर आपटून दाखवली, उडी मारून दाखवली, वर शपथ. आणि मी, सात पिढ्यांचा शेतकरी, बैलाचे दात पाहिल्याशिवाय दावं हातात न धरणारा, सुतळी न लावता चाकं घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ते थोरलं चाक मांडीवर घेऊन मी परत नांदेड गाठलं. भंगारवाल्याला म्हणलो, "हे काय? चार बोटांचा फरक हाय!" तो चहा पीत होता. बशीतून डोकंही वर न काढता म्हणाला, "डांबराला कळतंय का मामा चार बोटं?"

डांबराला! डांबराला तर आमच्या रस्त्यावर आपण आहोत का नाही हेसुद्धा कळत नाही. मी त्या बाजारात असा काही बोललो की शेजारची तीन दुकानं बघायला आली. शेवटी त्यानं सख्खं चाक शोधून दिलं, पण देताना तोंड असं केलं, जणू मी त्याची किडनीच मागितली होती.

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. हौस म्हणून मोटारसायकलीमागं गाडा लावणारा मी नव्हे. गाडा पाहिजे होता बायकोला. किंवा खरं म्हणजे बायकोच्या मशीनला.

बायकोकडं शेवयांचं मशीन आहे. लातूरहून आणलेलं, मोटरीसकट पाऊण क्विंटलाचं, लोखंडी. उन्हाळा लागला की ती ते मशीन घेऊन गावोगाव जाते. ज्या घरी लग्न असेल त्या घरच्या अंगणात मशीन मांडायचं, गल्लीतल्या बायका आपापला रवा डब्यात घेऊन येतात, डब्यांचीच रांग लागते, आणि एका दिवसात अख्ख्या गल्लीच्या वर्षाच्या शेवया काठ्यांवर वाळत पडतात. ह्यात एक गोम आहे. रवा मशीनवर घालायच्या आधी दोन-अडीच तास ओलवून, फडक्याखाली झाकून ठेवावा लागतो. एकदा ओलवला की माघार नाही. वैशाखातल्या उन्हात दुपार टळली की तो आंबतो, मग त्याच्या शेवया कोंबड्यासुद्धा खात नाहीत. म्हणून मशीनवाली येणार म्हणाली की आली पाहिजे. तिचा शब्द म्हणजे पंचवीस घरांचा रवा.

गेल्या वर्षी बिलोलीच्या अलीकडच्या एका गावाला तिनं असाच शब्द दिला. टेम्पो ठरवलेला. सकाळी टेम्पोवाल्याला कुणाच्या तरी वरातीतला डीजे मिळाला, आणि त्या महापुरुषानं फोनच बंद केला. तिकडं बायकांनी रवा ओलवला. इकडं बायको मशीनवर हात ठेवून दारात बसली. ऊन डोक्यावर आलं तरी बसलेली. पंचवीस घरांचा रवा आंबला. दोन घरी तर लग्नाचा होता. त्या दिवसापासून तिकडच्या पाचपन्नास गावांत, मी पाचपन्नास म्हणतोय, तुम्ही सात-आठ धरा, तिचं नाव पडलं 'आंबट मशीनवाली'.

शिव्या दिल्या असत्या तर ती चार परत देऊन मोकळी झाली असती. ह्याच्यावर तिला काही देता आलं नाही. आठ दिवस घरात भांडी आपटल्याचासुद्धा आवाज आला नाही, आणि आमच्या घरात भांडी आपटली नाहीत म्हणजे काय, हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे.

यंदा त्याच गावातून निरोप आला. एका मांडवात दोन बहिणींची लग्नं होती. नवऱ्यामुलींची आई फोनवर म्हणाली, "आक्का, मी सगळ्यांच्या मनाविरुद्ध तुला बोलावतेय. एक डाव बघू. न्हाई आलीस तर मग नरसी गावचं मशीन हाय." म्हणजे ह्या खेपेला चुकलं की तिकडचा मुलूख कायमचा गेला.

बायकोनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "टेम्पो नको. आपलंच चाक पायजे."

आपलं म्हणून जे चाक घरात होतं ते एका मोटारसायकलीचं होतं, आणि ती मोटारसायकल अशी की तिला सकाळी किक मारायला घेतली की गावातली माणसं अंघोळी उरकून, चहा पिऊन, मजा बघायला यायची. पण एकदा सुरू झाली की थांबवणं अवघड. तिच्यामागं गाडा लावायचा, असं मी पारावर बोललो. तीच चूक झाली.

आमच्या गावात ज्यानं आयुष्यात स्वतःच्या चड्डीला नाडी घातली नाही, तोही त्या दिवशी इंजिनेर झाला. एक म्हणाला, एकच चाक लाव, वळायला सोपं. दुसरा म्हणाला, चार लाव, पडायला अवघड. तिसऱ्यानं विचारलं, "मागं येताना कसं करणार?" मी म्हणलो, मोटारसायकल मागं येत असती का? तो म्हणाला, "मग गाडा कशाला लावून राहिला?" ह्याला काय उत्तर आहे? अजून मला त्या माणसाचा राग येतो. आणि गाडा तयार होऊन गावात आला, तेव्हा हीच सगळी मंडळी म्हणाली, "मोटारसायकल व्याली रे व्याली, रेडकू झालं!"

पण रेडकू चांगलं झालं होतं. चाचांनी केलं होतं. मुदखेडच्या फाटकापलीकडं त्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांचे आजोबा टांग्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, वडील ट्रकांचे स्प्रिंगचे पाटे बसवायचे, बॉडी बांधायचे, आणि चाचा, त्यांच्याच शब्दांत, "गेटा-खिडक्यांत वाया गेले." त्यामुळं चाक असलेलं काम आलं की त्यांच्या अंगात यायचं. खडूनं त्यांनी दुकानाच्या फरशीवर गाडा काढला, खऱ्या मापाचा. तीन दिवस गिऱ्हाईकांना त्या चित्राला वळसा घालून जावं लागायचं. अँगलची चौकट, खाली पत्रा, चारी बाजूंना वीतभर कठडा, आणि पुढं एक लांब दांडा. तो दांडा मोटारसायकलीच्या चेसीला जिथं जोडायचा, तिथं त्यांनी असा हूक केला की गाडा डावी-उजवीकडंही वळंल आणि खाली-वरही हलंल. मधून जाड पिन.

"माणसाच्या खुब्याचा सांधा असतोय ना, तसा," चाचा म्हणाले. "अल्लानं केलेलं डिझाईन हाय, मी फकस्त वेल्डिंग केलोय."

मी म्हणलो, "चाचा, जू लावलं असतं तर—"

"जू! जू कायकू? तू काय मोटारसायकलीला पेंड चारतोस का?"

घेऊन निघताना त्यांनी दांड्यावर पाय देऊन, बोट उगारून सांगितलं, "ध्यान दे. मशीन पुढं ठेवायचं. चाकाच्या थोडं पुढं. दांड्यावर वजन आलंच पायजे. समजा क्या?"

मी हाव म्हणलो.

हाव म्हणलो, पण पटलं नाही. कसं पटेल? लहानपणापासून बैलगाडी भरत आलेला मी माणूस. गाडीत माल मागं जास्त झाला की जू वर उचलतं, बैलांचे गळे आवळतात, गाडी उलाळ होते. माल पुढं जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर. माझ्या वडिलांचं एक ठरलेलं होतं. बैल म्हातारा झाला, त्याच्या मानेला आवाळू आलं, की पोतं दोन बोटं मागं सरकवायचं. थोडी उलाळ परवडली, पण थकल्या जनावराची मान मोडू द्यायची नाही. त्यांच्या हातून मी ह्याच गोष्टीसाठी दोनदा मार खाल्ला होता. आणि आमची मोटारसायकल थकलेली होती. चढावर तिचा श्वास मला ऐकू यायचा. तिच्या मानेवर मी पाऊण क्विंटल लोखंड ठेवू? मी काय कसाई आहे?

जायच्या दिवशी पहाटे मी मशीन गाड्याच्या पार मागच्या कठड्याला लावून बांधलं. पुढं रिकाम्या जागेत काठ्या, जाळ्या आणि वायरचं भेंडोळं. बायकोनं पाहिलं.

"चाचा काय म्हणले होते?"

"चाचा लोखंडातलं सांगतात. मी ओढण्यातलं सांगतो."

"मशीन पुढं घ्या म्हणते मी."

"आन् गाडीच्या मानेचं काय?"

बायकोनं गाड्याला हळदी-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि माझ्यामागं येऊन बसली. माझं बोलणं तिला पटलं असं मी समजलो. वीस वर्षांचा संसार झाला, तरी मी अजून असं समजतो.

सुरुवातीला काय सांगू, नवरदेवाची घोडी झक मारेल अशी चाल होती! फक्त जरा वेग घेतला की मागून कुणीतरी माझे दोन्ही खांदे धरून 'न्हाई न्हाई न्हाई' असं हलवायचं. गाडा शेपटासारखा झोके घ्यायचा. मी म्हणलो, नवीन हाय, सरावंल. समोरून येणारी एक एस.टी. आम्हाला बघून इतकी कडेला गेली, की तिच्यातला कंडक्टर खिडकीतून हात घालून शेतातली भेंडी तोडू शकला असता. असे आम्ही मुदखेडच्या फाटकाशी पोचलो.

फाटक बंद. मुदखेड जंक्शन आहे, तिथलं फाटक उघडं सापडणं म्हणजे वैशाखात गारवा सापडणं. दोन्हीकडं गर्दी साचलेली, आणि थांबलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. पाच मिनिटांत आमच्याभोवती जत्रा. "हे काय हाय?" "फ्रीज हाय का?" "न्हाई बे, रसवंती हाय." "मामा, ॲव्हरेज किती देतंय? दोघांचं मिळून सांगा!" मी दात खाऊन फाटकाकडं बघत होतो. बायको खाली उतरली. रुळांवर गाडी आदळेल, मी चालत पलीकडं येते, म्हणाली.

आता इथं थोडं थांबून ऐका. इतका वेळ गाडी उलटली नव्हती ती माझ्या हुशारीनं नव्हे. बायको मागच्या सीटवर बसली होती, तिच्या वजनानं मोटारसायकलीचं ढुंगण जमिनीला टेकून होतं. हे मला नंतर चाचांनी सांगितलं, तेही मी न विचारता.

फाटक उघडलं. सगळ्यांनी एकदम गाड्या घातल्या. मीही घातली. मोटारसायकल पहिल्या रुळावरून गेली, दुसऱ्या रुळावरून गेली, आणि गाड्याची चाकं रुळाला लागून वर उसळली. दोरी ढिली झाली, मशीन वीतभर आणखी मागं सरकलं, गाड्याचा मागचा कठडा खण्णकन जमिनीला टेकला, आणि दांडा वर गेला. दांड्याबरोबर मोटारसायकलीचं मागचं चाक. चाकाबरोबर मी.

जमिनीपासून मी दहा फूट वर होतो. बघणारे म्हणतात, हातभर. त्यांना काय, ते खाली उभे होते! माझं तोंड पुढच्या मडगार्डाकडं, पाय हवेत, आणि मागचं चाक अधांतरी गरगर फिरतंय. गाडी बंद करायचं भान राहिलं नाही, कारण आमची गाडी बंद करायची सवयच मला नव्हती. फाटकवाला केबिनमधून ओरडला, "ओ नवरदेव! खाली उतरा! पुढची गाडी सुटायलीय!"

जणू मी हौसेनं वर चढलो होतो!

आणि नेमका त्या वेळी बायकोचा फोन वाजला. ती धावत येऊन, कठड्याला खांदा लावून, दोन्ही हातांनी मशीन धरून उभी होती, ते रुळांवर पडू नये म्हणून. तिनं एका हातानं फोन काढून कानाला लावला. मी वर होतो, म्हणून मला पलीकडचं सगळं ऐकू आलं. नवऱ्यामुलींची आई होती.

"आक्का, सात वाजले. निघालीस का? डबे सगळे आलेत. रवा ओलवायचा का?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. हवेत फिरणाऱ्या चाकाकडं पाहिलं. पिन वाकली होती, ते तिलाही दिसत होतं. पलीकडं पंचवीस डबे उघडून बायका हातात पाण्याचे तांबे घेऊन उभ्या असणार. नको म्हणली असती तर आज शेवया वाळल्या नसत्या, बायका डबे उचलून नरसीच्या मशीनवर गेल्या असत्या, पण निदान रवा तरी कोरडा राहिला असता. हो म्हणली आणि पोचली नाही, तर पुन्हा आंबट, आणि ह्या खेपेला जन्माची.

मी वरून खुणा केल्या, नको नको. खुणेसाठी एक हात सोडला तर आणखी वीतभर वर गेलो.

"ओलवा," बायको म्हणाली, आणि फोन कमरेला खोचला.

मग ती गर्दीकडं वळली. "दात काय काढून राहिले? दोघंजण इकडं या, दोघं दांड्यावर लोंबकाळा. तुमच्या घरी खीर होती का न्हाई कधी? मशीन उचला!" आत्तापर्यंत ॲव्हरेज विचारणारी माणसं मुकाट्यानं पुढं आली. दांडा खाली आला, चाक जमिनीला लागलं, मी जमिनीला लागलो. गाडा ढकलून फाटकापलीकडं नेला. तिथं तिनं मशीन उचलून चाकांच्या पुढं ठेवायला लावलं. मी म्हणलो, "अगं, गाडीच्या मानेवर—"

"गाडीला मान नसती," ती म्हणाली. चारचौघांत. फाटकवाल्यासमोर.

चाचांचं दुकान तिथून पावलावर. त्यांनी पिन काढली, ऐरणीवर ठेवली आणि एकेका घावाबरोबर एकेक शब्द दिला, "पुढं. ठेव. म्हणलो. होतो." तेवढ्यावर भागलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी समोरच्या चहावाल्याला बोलावून, पिन वर धरून दाखवली. म्हणे, "बघ, ह्यानं मोटारसायकलीवर दया केली!" मीही म्हणलो, तुमचा हूकच कच्चा आहे. झालं! हूक कच्चा हा शब्द ऐकल्यावर चाचांनी आजोबांच्या टांग्यापासून सुरुवात केली. बायकोनं मधेच एवढंच म्हणलं, "चाचा, रवा ओलवलाय." चाचांनी आजोबांचा टांगा तिथंच सोडला. नवी पिन घातली, दोन्हीकडून वेल्डिंगचे दोन ठिपके मारले, मशीन स्वतः आवळून बांधलं आणि तिला म्हणाले, "जा बेटी. ह्याला बोलू नको देऊस, नुसतं चालवू दे."

मग गाडा जो निघाला तो सुतासारखा. खांदे हलवणारं कुणी नाही, झोके नाहीत. मला ह्याचाही राग आला. इतका सरळ चालायला काय झालं होतं सकाळपासून? आता तर सगळं वजन पुढं होतं, आणि मोटारसायकल साधं कण्हलीसुद्धा नाही. माझ्या वडिलांचा मार मी फुकट खाल्ला, असं वाटायला लागलं.

नायगावच्या अलीकडं एका हवालदारानं हात केला. तो गाड्याभोवती दोनदा फिरला. वाकून खालून बघितलं. म्हणाला, "पुढच्याचा नंबर दिसतोय. मागच्याचा कुठंय?"

मी म्हणलो, "साहेब, हे लहान हाय. मोटारसायकलीच्याच नावावर चालतंय."

"कोणत्या कलमात बसतंय हे?"

"साहेब, हे कोणत्याच कलमात बसू नये म्हणूनच मोकळं ठेवलंय—"

त्याचं तोंड तापायला लागलं. बायको मागून म्हणाली, "दादा, शेवयांचं मशीन हाय. पंचवीस घरचा रवा ओलवून पडलाय. दहाच्या आत पोचायचंय." हवालदारानं घड्याळ पाहिलं. "कधी ओलवला?" "सातला." "मग इथं काय करून राहिलात? हाला! आमच्या घरी परवा हाय शेवया." माझ्या एवढ्या विनोदाला जे जमलं नाही, ते एका ओल्या रव्यानं केलं. आणि जाताना पुन्हा मलाच म्हणाला, "सावकाश चालवा. मागं बाई हाय." म्हणजे गाडा नाही, मशीन नाही, मी नाही. बाई!

साडेनऊला आम्ही त्या अंगणात होतो. पंचवीस डबे भिंतीला लागून रांगेत, वर ओली फडकी. बायका उभ्या होत्या, पण कुणी 'या बसा' म्हणलं नाही. एक म्हातारी तर डब्यावर हात ठेवूनच बसली होती, मशीनला देऊ की नको ह्या विचारात. बायकोनं पदर खोचला, मशीन मांडलं, वायर जोडली. पहिला घाणा त्या म्हातारीचाच घातला. तिनं फडकं काढलं, रव्याचा वास घेतला, मान डोलावली आणि डबा सोडला. जाळीतून पहिल्या शेवया उतरल्या, पांढऱ्या, सरळ, केसासारख्या. कुणीतरी काठी पुढं केली. मग जी रांग हलली ती दुपारपर्यंत थांबली नाही. मधेच त्या नवऱ्यामुलींच्या आईनं माझ्या बायकोच्या हातात ताकाचा तांब्या दिला आणि बाकीच्यांकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "पी आक्का. लांबून आलीस."

लांबून आलीस! एकटीच आली जणू! उडत आली!

मी अंगणात गाड्याजवळ उभा होतो. कुणी विचारेल, मामा हे काय केलंय, कसं केलंय, म्हणून मी सांगायला तयारच होतो. नांदेडच्या चाकांपासून सुरुवात करायचं ठरवलंही होतं. तेवढ्यात दोन बायका आल्या. त्यांनी गाड्याच्या पत्र्यावर हात फिरवला. मी म्हणलो, आता विचारतील. एक दुसरीला म्हणाली, "लई चांगला तापतोय गं." आणि त्यांनी त्यावर लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या! माझ्या गाड्यावर! ज्याच्यासाठी मी मुदखेडच्या रुळांवर दहा फूट हवेत गेलो, त्या गाड्यावर कुरडया! वर मला म्हणल्या, "मामा, इथंच हायत ना? कोंबड्या हाकला जरा." आणि मी दुपारभर कोंबड्या हाकल्या. काय करणार, कोंबड्याही अशा की मला बघूनच यायच्या.

संध्याकाळी निघालो तर पुढच्या तीन गावांची बोलावणी बायकोच्या पदरात. एक बाई तर नरसीचीच होती, नरसीच्या मशीनच्या गल्लीतली. बायको मागं बसली. मशीन पुढं, नीट आवळलेलं. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, ते फाट्यापर्यंत टिकलं. मग मी सुरुवात केली. चाकं कुणी आणली, पॅसेंजरनं दोनदा नांदेडला कोण गेलं, पारावरच्या शिव्या कुणी खाल्ल्या, हवालदारासमोर कोण उभं राहिलं. नायगाव येईपर्यंत माझा घसा बसला. अख्ख्या गावात एका माणसानं, एका बाईनं, एका कोंबडीनं तरी गाड्याचं नाव काढलं का? गाडा नसता तर काय झालं असतं, ह्याचा कुणाला काही विचार? सांग ना, आज सगळ्यात मोठं काम कुणाचं झालं?

बायकोनं मागं वळून मशीनकडं पाहिलं. मग म्हणाली, "शेवया चांगल्या झाल्या."